पाच फूट अकरा

पहिल्या रविवारी तिची किंमत चार ऐंशी होती.
ऑटोनगरात, दस्तगीरच्या शेडला टेकून उभी,
कुठल्याशा नर्सिंग कॉलेजची जुनी बस,
अंगावर अर्धं खरवडलेलं कानडी नाव,
आत सव्वीस सीटा, आणि सीटांच्या पाठीवर
करकटकानं कोरलेली पोरींची गुपितं.

हे डोकं वाकवून आत शिरले
आणि खिशातून टेप काढला.
एकतीस वर्षं उद्यमबागेत लेथवर गेली,
यांना काही आवडलं की आधी माप लागतं.
(मला बघायला आले तेव्हाही उंची विचारलेली,
चपलेशिवायची.)
"पलंग इथं. ओटा इथं. अन् ही खिडकी
रोज निराळ्या गावात उघडायची."

दुसऱ्या रविवारी पाच दहा.
"पत्रा महागलाय की, पारीसण्णा," दस्तगीर म्हणाला,
"अन् आता ज्याला त्याला चाकावरचं घर पायजे.
मी काय करू?"
मी वहीतून सिंक खोडलं.
भांडी काय, नदीवर घासता येतात,
मलप्रभा अजून पाण्याचं बिल पाठवत नाही.

तिसऱ्या रविवारी निपाणीच्या पुढं, कागलला.
तिथं एक ट्रॅव्हलर होती, एमएच शून्य नऊ,
पन्नास हजारांनी स्वस्त. खरंच स्वस्त.
फक्त तिला अलीकडं आणायचं तर
एनओसी, नवा टॅक्स, नवी पाटी,
एजंटाचा चहा, आणि त्या चहाचे चाळीस हजार.
परतताना यांनी स्वागताच्या कमानीखाली स्कूटर थांबवली,
बराच वेळ वर बघत राहिले.
"आपल्याला विचारतात ते ठीक,
कुठल्या बाजूचे म्हणून.
पण हिला? हिला तर फक्त चाकं आहेत."

संकेश्वरात मिरची घेतली.
तीही वाढली होती.
पण मिरची महागली म्हणून कुणी स्वप्न मोडत नाही,
पाव किलो कमी घेतात
आणि घरी येऊन जास्त जोरात कुटतात.

चौथ्या रविवारी पाच साठ,
आणि फोनवर हुबळीचा कुणी पोरगा, रोख द्यायला तयार.
सीटा निघाल्या होत्या, एक सोडून.
एकीचा बोल्ट गंजून बसलेला.
मी तिच्यावर बसले, वही मांडीवर.
खोडला: छताचा पंखा.
खोडली: बाहेर ओढायची ताडपत्री.
संडासाशी पेन थांबलं,
मी माझ्या गुडघ्यांकडं बघितलं,
आणि तोही खोडला.

उरला पलंग. उरली खिडकी.
हे ओणवे होऊन मोजत होते,
पुन्हा मोजत होते.
चाकाची कमान मध्ये येत होती.
"पाच फूट अकरा."
ते स्वतः सहा.
एक सूत चुकलं तर अख्खा जॉब भंगारात टाकणारा माणूस,
आणि हा तर इंच.

मला वाटलं, संपलं. बरं झालं.
एफडी वाचली, गॅसवर दूध ठेवून आलेल्या बाईसारखी
मी मनातल्या मनात घराकडं निघालेही.
तर हे तसेच खालच्या रबरी मॅटवर आडवे झाले,
आधी सरळ, मग जरा तिरके,
मग आणखी तिरके.
मागच्या दारातून बाहेर नुसते मोजे,
एकाला अंगठ्यापाशी भोक.
चहा आणणारा पोरगा ते ओलांडून आत आला.

"मग मी कुठं झोपू?" मी विचारलं.
उत्तर नाही.
वर पत्र्यावर ऊन तापत होतं,
शेजारच्या शेडमध्ये कुणीतरी डेंट ठोकत होतं,
एका लयीत, रस्त्याच्या सांध्यांवरून चाकं जावीत तसं.

"अण्णा, आज सांगा," दस्तगीर बाहेरून ओरडला,
"उद्याचा रेट माझ्या हातात न्हाई!"

मी खिडकीतून हात बाहेर काढून त्याला गप्प केलं.
"हळू," म्हटलं,
"आत्ता कुठं डोळा लागलाय.
खानापूर मागं पडलं."